नाना मला न्यायला आले होते

गाडी मुंबईला निघायला दारात उभी होती. डिकीत बॅगा चढल्या होत्या, आईचं तळहातावर दही ठेवून झालं होतं, आळीतल्या बायका ओट्यावर जमल्या होत्या, आणि नानांचा पत्ता नव्हता. नाना म्हणजे माझे वडील. ते पेरूच्या बागेत खोऱ्यानं पाणी वळवत होते. शेवटी नवे बूट चिखलात घालत मीच तिकडं गेले.

"नाना, निघाले मी."

"व्हय, नीघ."

"गाडीपर्यंत तरी या की."

त्यांनी मान वर केली नाही. "मी सोडाया येत न्हाई. सोडायचं काम तिकडच्या मान्सांचं. आपलं काम आनायचं. न्यायला यीन मी."

मला भयंकर राग आला. लेक समुद्रापलीकडं चाललीय आणि हा माणूस रिवाज सांगतोय. मी अशी तोंड फुगवून बसले होते की ड्रायव्हरला वाटलं गाडी लागली, म्हणून त्यानं घोटीला उतरून मला लिंबू आणून दिलं. ते लिंबू मी विमानतळापर्यंत हातात धरून होते.

हे सगळं आज लिहायचं कारण माझे नगरच्या कॉलेजातले भूगोलाचे सर. त्यांचा मेसेज आला की विभागाच्या भित्तिपत्रकासाठी चालू जागतिक घडामोडींवर काहीतरी लिहा, मुलांना उपयोगी पडेल असं. तुम्ही तर घडामोडींच्या मध्यभागीच राहता. सर, मध्यभागी राहणाऱ्याला घडामोडी दिसत नाहीत हो. त्याच्या खिडक्यांना, दणक्यानं काच फुटून उडू नये म्हणून, चिकटपट्ट्या लावलेल्या असतात. घडामोडी तिथं आमच्या गावी, राहात्याच्या चहाच्या टपरीवर जास्त चांगल्या कळतात. मला जे माहीत आहे ते एवढंच की आमच्यावरचं आकाश बंद झालं तेव्हा माझे वडील मला न्यायला आलेले होते. तेच लिहिते. मुलांनो, परीक्षेला यातलं काय येईल ते तुम्ही शोधा. आणि जे माझ्यासारखे बाहेर पडले, कोणी पुण्याला, कोणी जर्मनीला, कोणी इथं माझ्याच इमारतीत चार मजले खाली, त्यांनीही वाचा. तुम्हाला फार समजावून सांगावं लागणार नाही.

शहराचं नाव लिहीत नाही. आखातातलं एक शहर धरा. त्या दिवसांबद्दल फार लिहू-बोलू नका असं शाळेनं आम्हाला बजावलंय, आणि नोकरी मला अजून हवी आहे.

आधी मुराळी म्हणजे काय ते सांगते, कारण हल्लीच्या पोरांना तेही माहीत नसतं. आमच्याकडं लेक माहेरी आपली आपण येत नाही. माहेरचं कोणीतरी, भाऊ, बाप, चुलता, तिच्या सासरी जातो, तिथं जेवतो, चार गोड शब्द बोलतो आणि तिला घेऊन येतो. तो मुराळी. लेक एकटीच आली तर गाव समजतं, काहीतरी बिनसलं. लग्नानंतर आम्ही नगरला राहायचो. संदीप, माझा नवरा, नागापूरच्या एमआयडीसीत कामाला होता. एकदा अचानक सुट्टी मिळाली म्हणून मी आपली एसटीत बसले आणि राहात्याला उतरून घरी गेले. वेशीपासून घरापर्यंत ज्या भेटल्या त्या प्रत्येकीनं विचारलं, "का गं, एकलीच?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच तोंड पाडलं. संध्याकाळी आईनं सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात जावयाला फोन करून जेवलात का विचारलं. तेवढ्यानं भागलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना मला नगरला घेऊन गेले, संदीपच्या हातचा चहा प्यायले, "पोरीला न्यायला आलोय" म्हणाले, आणि दुपारच्या गाडीनं मला परत राहात्याला घेऊन आले. या वेळी आम्ही वेशीतून मुद्दाम सावकाश चालत गेलो.

असा माणूस. तो म्हणाला होता न्यायला येईन, तर ती नुसती बोलायची गोष्ट नव्हती. आम्हालाच ती तशी वाटली.

संदीप इथं समुद्राचं पाणी गोड करणाऱ्या प्लांटमध्ये लागला, मी शाळेत भूगोल शिकवायला लागले. पहिल्या वर्षी नोकरी नवी म्हणून गावी जाणं झालं नाही, दुसऱ्या वर्षी संदीपच्या पाठीचं ऑपरेशन, त्यानंतर शाळेनं सुट्टीत जादा वर्ग लावले. दर वेळी फोनवर आई म्हणायची, "आसू दे, पुढच्या साली." आणि मग एकदा नाना पलीकडून म्हणाले, "यंदा मी येतो न्यायला." आम्ही हसलो. त्यांनी पासपोर्ट काढला. त्यातल्या फोटोत नाना नुकतेच पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसतात.

विमानतळावर अधिकाऱ्यानं त्यांना हिंदीत विचारलं, कशासाठी आलात. बाकीचे लोक नोकरी, फिरायला, असलं काहीतरी सांगतात. "म्या म्हनलं, लेकीला न्यायला आलोय," नाना मला सांगत होते. "त्यो हसला आन् शिक्का मारला. त्यालाबी लेक आसंल."

घरी आल्यावर त्यांनी सोफ्याच्या कडेला बसून आधी बॅग उघडली. बाजरीचं पीठ, कुरडया, शेंगदाण्याची चटणी, आईनं केलेले धपाटे. मग खालून टॉवेल-टोपी काढली आणि संदीपपुढं धरली. "जावईबापू, पोरीला चार दिस न्यावं म्हन्तो. तुमची परवानगी आसंल तर." संदीप ड्यूटीवरून नुकताच आलेला, अंगावर प्लांटचा निळा युनिफॉर्म. त्यानं टोपी घातली आणि वाकून नमस्कार केला. "न्या की नाना," म्हणाला. त्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी आमच्या नात्याप्रमाणं आमच्याशी वागत होतं. एरवी आम्ही इथं फ्लॅट नंबर आहोत.

त्या फ्लॅटमध्ये नानांचं पहिलं भांडण खिडकीशी झालं. बाराव्या मजल्यावर खिडक्या उघडत नाहीत, काच पक्की बसवलेली असते. ते बराच वेळ कडी शोधत होते.

"उघडत नाही ती, नाना."

"मंग खिडकी कशाला म्हनायची हिला?"

तरी ते तिथंच बसायचे. विमानं बघायचे. आमची बाग काकडी गावच्या विमानतळापासून फार लांब नाही, शिर्डीला येणारी विमानं डोक्यावरून जातात, आणि नाना त्यांच्यावरून वेळ सांगतात. इथं तर विमानांची रांगच. दिवे लागले की एकामागं एक उतरायची. "तुमच्याकडं लई गर्दी," ते म्हणायचे. नानांचं आणि माझं तिकीट काढलेलं होतं, शाळेची सुट्टी मंजूर होती. माझी बॅग भरून दाराशी उभी केलेली. आत साड्या, आईसाठी शाल, आणि पहिल्यांदा कोणाला भेटायचं कोणाला नंतर, याची मनातल्या मनात शंभरदा घोकलेली क्रमवारी. दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं होतं.

त्या दिवशी चहाच्या वेळी नाना खिडकीतून म्हणाले, "मनू, इमानं थांबली."

मी म्हटलं थांबतात मधूनमधून. तेवढ्यात माझा फोन, नानांचा फोन, शेजारच्या घरातले फोन, सगळे एकदम किंचाळायला लागले. नानांना वाटलं त्यांच्याकडूनच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं. स्क्रीनवर लिहिलं होतं, खिडक्यांपासून लांब राहा, सुरक्षित जागी जा. आम्ही बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन भिंतीला टेकून बसलो. समोरच्या घरातलं इजिप्तचं कुटुंब, कोपऱ्यातले केरळचे आजी-आजोबा, सगळे चपला न घालता. लांब कुठंतरी दणका झाला, मग अजून एक, आणि इमारतीच्या काचा थरथरल्या.  नानांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

संध्याकाळपर्यंत कळलं की या देशाचं आकाश बंद केलंय. भांडण दुसऱ्यांचं, आकाश आमचं. मुलांनो, ॲटलास उघडा आणि आखाताचं तोंड बघा. केवढंसं आहे ते. एवढ्या चिंचोळ्या पाण्यातून जहाजं जातात, आणि वरच्या आकाशातून युरोप-आशियाची अर्धी ये-जा. मी वर्गात हे रंगीत खडूनं काढून दाखवायची. त्या फळ्यावरच्या चिंचोळ्या जागेच्या आत माझं स्वयंपाकघर आहे, हे मला त्या दिवशी कळलं. आठवडाभरात दुकानातला आपल्याकडचा कांदा संपला. पहिल्या दिवशी नानांनी त्या दुकानात एक कांदा हातात घेऊन, वास घेऊन सांगितलं होतं की हा आपल्याच भागातला. नंतर त्या खणात नुसती कागदी पाटी उरली.

आणि आम्ही अडकलो. हा शब्द लिहायला सोपा आहे. संदीपच्या प्लांटनं सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द केल्या, तो तिकडंच राहायला गेला. पाणी थांबलं तर शहर थांबेल, म्हणून त्यांना बाहेर पडायला मनाई. शाळा घरून सुरू झाली. खाली विनाकारण उतरू नका म्हणून इमारतीनं नोटीस लावली. नाना पहाटे उठायचे, कारण त्यांना दुसरं येत नाही, आणि उठून जायला जागाच नसायची. स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत आणि परत. त्यांच्या पायांचा तो आवाज ऐकत मी पडून राहायची आणि मला गुदमरायचं. खरं सांगते, त्यांच्यावर चिडायची मी. कशाला आलात? एकटी असते तर घाबरले असते, पण निदान कोणासमोर तरी धीट दिसावं लागलं नसतं.

एकदा मी भाकरी थापत असताना नाना म्हणाले, "तू रोज आशीच र्‍हाती? काच लावून?"

"हो."

"बाहीर कवा जाती?"

"शाळेत जाते. गाडीतून. गाडीच्याही काचा लावलेल्या असतात." मी हे जरा जोरातच बोलले. नंतर भाकरी करपली आणि दोघांनी ती गुपचूप खाल्ली.

दाराशी बॅग तशीच उभी होती. पॅसेजमध्ये पळताना दर वेळी तिला वळसा घालावा लागायचा. तरी ती आत ठेवू असं आम्ही दोघंही म्हणालो नाही.

आई मात्र मोकळी होती, आणि त्याचा नानांना फार त्रास होता. आमच्याकडं पेरूला ताण देतात. उन्हाळ्यात काही आठवडे बागेचं पाणी तोडायचं, झाड पानं गाळतं, मग पाणी दिलं की भरून फुलतं. नाना निघाले तेव्हा बाग ताणावर होती. हिशेब असा की लेकीला घेऊन यायचं आणि भंडारदरा धरणाचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कालव्याला आलं की आपल्या हातानं पाणी सोडायचं. आता आवर्तन सुटलं आणि नाना बाराव्या मजल्यावर. सकाळ-संध्याकाळ फोनवरून ते आईला सूचना द्यायचे, आधी वरची चारी, मग लिंबाकडची, कडेच्या झाडांची आळी कोरडी ठेवू नको. आई ऐकून घ्यायची. एक दिवस म्हणाली, "तुमी तिकडं आडकला म्हून झाडं थांबत्यात व्हय? कवाच पाजलं पानी. कळ्या लागल्यात."

नाना "बरं झालं" म्हणाले आणि फोन माझ्याकडं दिला.  संध्याकाळी मी भांडी घासत असताना मागून म्हणाले, "ताण मापात पायजे. लई झाला तर झाड फुलत न्हाई, वाळतं." ते बागेबद्दल बोलत होते की माझ्याबद्दल, मी विचारलं नाही. नळ मोठा केला.

माझ्या नववीच्या वर्गाला तेव्हा स्थलांतराचा धडा चालू होता. शाळेचा आदेश होता की युद्धाचा विषय काढायचा नाही, पुस्तकातलंच शिकवायचं. पुस्तकात ढकलणारी कारणं असतात आणि ओढणारी कारणं असतात. अडकवणारी कारणं पुस्तकात नसतात. मी लॅपटॉपसमोर बसून शिकवायची आणि नाना मागं पलंगावर बसून स्क्रीनवरच्या छोट्या छोट्या तोंडांकडं बघायचे. पोरांना ते माहीत झाले होते. "नाना" म्हणून हात करायची. एकदा त्यांना राहवलं नाही.

"ह्या पोरांची गावं कोन्ती, इचार की."

मी विचारलं. वर्गात आधी गोंधळ उडाला, कारण त्यांना हा प्रश्न असा कोणी विचारत नाही. पासपोर्ट कुठला एवढंच विचारतात. मग एकेक जण सांगायला लागला. केरळचा जॉयल म्हणाला त्रिचूरजवळ, पण दोनच वेळा गेलोय, दोन्ही वेळा लग्नाला. कोणी लाहोर, कोणी पोखरा. नाना प्रत्येक नावाला "बरं, बरं" म्हणत होते, जणू त्या गावाला त्यांची सोयरीक आहे. शेवटी हिबा. ती सुदानची. तिनं नाईलकाठच्या एका गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाली, तिथं लढाई आहे, आम्ही सुट्टीला आलो होतो ते इथंच राहिलो.

मी भाषांतर करून सांगितलं. नाना म्हणाले, "मंग हिला न्यायला कोन येतं?"

हे इंग्रजीत कसं विचारायचं मला कळेना. कसंबसं विचारलं. हिबा म्हणाली, "मिस, तिथं आता न्यायला येणारं कोणी उरलंच नाही. सगळेच बाहेर पडलेत."

ते मी नानांना मराठीत सांगितलं. ते पलंगावरून स्क्रीनच्या जवळ सरकले. मग म्हणाले, "तिला म्हनावं आमच्याकडं यावं. मी यीन न्यायला."

वर्ग हसला, हिबाही हसली. "मिस, तुमचं गाव नकाशात दाखवा ना," म्हणाली. मी राहाता मोठं करून दाखवलं, मग आमच्या बागेचा हिरवा चौकोन. तिनं नदी कोणती विचारलं. मी प्रवरा म्हटलं, तर नाना मागून म्हणाले, गोदावरीबी सांग. धड्यातलं त्या दिवशी काहीच झालं नाही.

आकाश पूर्ण उघडत नव्हतं, पण शेजारच्या देशातून विमानं सुटायला लागली. इथून बसनं वाळवंटातून सीमेपर्यंत जायचं, पलीकडं दुसरी बस, मग विमानतळ. व्हिजिट व्हिसावर आलेल्या लोकांना सोडत होते. नानांच्या व्हिसाची मुदत संपत आलीच होती. माझी गोष्ट वेगळी. माझा इथं राहायचा परवाना नूतनीकरणाला गेलेला आणि ते ऑफिस बंद. परवाना हातात नसताना देश सोडला तर परत आत यायची खात्री नाही. शाळेच्या ऑफिसातल्या बाईंनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं, "तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. जाऊ शकता." म्हणजे गेलात तर नोकरी गेली, आणि संदीप तिकडं प्लांटमध्ये कोंडलेला, तो एकटा. दार उघडं होतं आणि मला जाता येत नव्हतं. बंद दारापेक्षा हे वाईट होतं.

नानांना मी नीट समजावलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मंग मीबी र्‍हातो."

"तुमचा व्हिसा संपतोय नाना."

"मुराळी रिकामा जात न्हाई. गाव काय म्हनंल, गेल्ता लेकीला आनाया आन् आला हात हालवत?"

"गाव काय म्हणेल ते म्हणू दे!" मी ओरडले. आयुष्यात त्यांच्यावर ओरडले नव्हते. "इथं डोक्यावर काय पडेल ते सांगता येत नाही आणि तुम्हाला वेशीतल्या बायकांची पडलीय."

ते उठून खिडकीशी गेले. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणत राहिले, राहतो म्हणून. शेवटी आई फोनवर आली. नानांना म्हणाली, "आवं, या तुमी. तिला न्हाई जमत तर न्हाई जमत. तिकडं बसून पोरीच्या जिवाला घोर लावू नका." आईचं त्यांनी ऐकलं. पण निघायच्या सकाळी ते दाराशी गेले आणि त्यांनी स्वतःच्या पिशवीबरोबर माझी बॅगही उचलली.

"ती माझी आहे, नाना."

"म्हाईत हाय. ही नेतो."

"आत नुसत्या साड्या आहेत."

"आसू दे. तू न्हाई तर तुझी बॅग. रिकामा न्हाई जायचो मी."

मी अडवलं नाही. इतके दिवस वळसा घालून जायची ती जागा एकदम मोकळी दिसायला लागली आणि मला रडू आलं. नाना जिन्याकडं तोंड करून थांबले, मी आवरेपर्यंत.

सीमेच्या अलीकडं जिथपर्यंत सोडायला जाता येतं तिथपर्यंत मी बसनं गेले. दोन्ही बाजूंना वाळू, मध्ये सरळ रस्ता, बसमध्ये बहुतेक म्हातारी माणसं आणि लहान मुलं.  शेवटच्या थांब्यावर फक्त पलीकडं जाणाऱ्यांनी पुढं जायचं होतं. शिपायानं पासपोर्ट बघून नानांना विचारलं, बरोबर कोण आहे. नानांनी सवयीनं माझ्याकडं बोट केलं. मी मान हलवली, नाही.

नानांनी दोन्ही हातांत बॅगा घेतल्या, म्हणून त्यांना माझ्या डोक्यावर हात ठेवता येईना. मग त्यांनी एक खाली ठेवली, हात ठेवला, परत उचलली. "सोडाया आलीस," म्हणाले. एवढंच. पण मला ते बागेतलं आठवलं, सोडायचं काम तिकडच्या माणसांचं. त्यांनाही आठवलं असणार, कारण ते लगेच वळले आणि रांगेत जाऊन उभे राहिले. माझी लाल बॅग मला बराच वेळ दिसत होती.

ते घरी पोचले तेव्हा आईचा व्हिडिओ कॉल आला. म्हणजे फोन नानांच्या हातात होता, ते उंबऱ्याबाहेर उभे होते, पायाशी माझी बॅग. आत आई हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. लेक बऱ्याच दिवसांनी माहेरी आली की आमच्याकडं तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, डोळ्यांना पाणी लावतात, मग आत घेतात. मला वाटलं, नानांसाठी चाललंय.

आई म्हणाली, "मनू, तू घरात हायेस का?"

"हो."

"मंग आधी दाराबाहीर हो."

"आई, काय हे."

"हो म्हन्ते ना."

मी दार उघडून पॅसेजमध्ये गेले. पायात चप्पल नव्हती. जिथं भिंतीला टेकून आम्ही बसायचो तिथंच उभी राहिले, फोन समोर धरून. समोरच्या इजिप्तच्या बाई दार उघडून बघायला लागल्या, मी हातानं काही नाही म्हटलं, तरी त्या थांबल्या. आईनं आधी बॅगेवरून तुकडा ओवाळला, मग नानांच्या हातातल्या फोनवरून. स्क्रीनवर तिचा हात माझ्या तोंडाभोवती तीनदा फिरला, बांगड्या वाजल्या. तिनं तो तुकडा लांब टाकला. मग बोटं पाण्यात बुडवून फोनच्या काचेला, कॅमेऱ्यासकट, लावली आणि मला सगळं अंधुक दिसायला लागलं. ते पाणी माझ्या डोळ्यातलं होतं की काचेवरचं, मला खरंच कळलं नाही.

"आता ये आत," ती म्हणाली. "उजवा पाय आधी."

सर, तुम्ही वर्गात विचारायचात, भूगोलाच्या दृष्टीनं घर म्हणजे काय, आणि आम्ही लिहायचो, कायमचं वास्तव्याचं ठिकाण. माझा परवाना अजून आलेला नाही. आकाश उघडलंय, विमानं परत रांगेनं उतरतात, हिबा अजून विचारते, मिस, नाना केव्हा येणार न्यायला? माझ्या साड्या आईनं धुऊन तिच्या कपाटात घड्या घालून ठेवल्यात. मी इथं राहते आणि तिथं आलेली आहे. मला न्यायला यावंसं ज्याला वाटतं तो जिथून निघतो, तेच माझं घर. वास्तव्य कुठं का असेना. हे उत्तर परीक्षेत लिहू नका, मुलांनो. गुण मिळणार नाहीत.

त्या दिवशी मी उजवा पाय उचलून आत ठेवला. समोर चिकटपट्ट्यांची खिडकी होती, आणि हातातल्या फोनमध्ये आमचा ओटा, आई बाजूला सरून मला वाट देत होती. नानांनी बॅग आत घेतली. आई आळीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "आली गं बया, मनू आली." मी आत आले आणि दार लावून घेतलं.